तपकिरी कड

रूपाली दवाखान्यातल्या लॅबच्या खिडकीशी आली आणि आतला डॉक्टर सटासट शिंकला. चष्मा नाकावरून घसरला.

"मिरची वाळवायच्या पथारीवरून थेट आलात?" भाग्येशने डोळे पुसत विचारलं.

"हो. पण तपासणी माझी नाही, वडिलांची. दोधू पाटील."

तो हसला. तीही हसली असती... पण आबांच्या प्रोस्टेटचा बायोप्सी रिपोर्ट अडकला होता.

"सुईने काढलेल्या तुकड्यात दोन-चार ग्रंथी संशयास्पद आहेत," तो म्हणाला. "साध्या ग्रंथीभोवती पेशींची कड असते. खास रसायन लावलं की ती तपकिरी दिसते. कॅन्सरच्या ग्रंथीला कड नसते. नाशिकहून तशी स्लाइड मागवतो."

"दिसेल ना कड?"

"आत्ता कसं सांगू?"

मग ती चौकशीला येत राहिली. तो मान वर न करताच रुमाल काढायचा — "आलात वाटतं!" मिरचीने तिचे हात भाजतात हे कळल्यावर खिडकीत ताकाचा पेला दिसू लागला.

"प्यायला?"

"हात धुवायला. उरलं तर प्या."

एक दिवस पेला नव्हता. तोही नव्हता. "स्लाइड आली. मोठ्या डॉक्टर, मोहिनी मॅडम बघताहेत," काउंटरवरून कळलं. भाग्येश समोरून गेला — खाली मान घालून.

घरी ताट तसंच राहिलं.

"जेवत का नई, रूपा? काय म्हने डाक्टर?"

"काही नई, आबा."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला जिन्यात गाठलं.

"तोंड का लपवता? वाईट आहे ना?"

"माहीत नाही. स्लाइड मी मॅडमकडे दिली."

"का?"

"कड दिसली असं वाटलं. मग वाटलं... खरंच दिसली, की दिसावीशी वाटली?" तो थांबला. दवाखान्यातली मराठी सुटली आणि घरची अहिराणी आली. "मन्हं मन तुन्हामा गुंती गयं शे, रूपाली. असा डोयासना भरोसा नई."

ती काही बोलणार, तोच मोहिनी मॅडम लिफाफा घेऊन खाली आल्या. तिच्या हातात देऊन निघून गेल्या.

तिने तो त्याच्यापुढे धरला. "वाचा."

"मी नको..."

"डॉक्टर म्हणून नका वाचू."

त्याने लिफाफा फोडून कागद उघडला. "कड आहे. सगळ्या ग्रंथींना. कॅन्सर नाही."

तिने डोळ्यांना हात लावला. तो ताकासाठी धावला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "हाई पानी मिरचीनं नई." मग नाक ओढून — "आबाले तुम्हीच सांगा, चला. आनि रुमाल संगे ली ल्या... घर पथारीलेच लागीसन शे."