पत्ता विचारत आलेला

कृष्णराजपुरम स्टेशनाबाहेर नागोजीचं चहाचं दुकान होतं. एकसष्ट सालच्या डिसेंबरात एका सकाळी विश्वासराव फोरमन कारखान्याच्या बसमधून उतरून रोजच्यासारखे तिथे टेकले. कप पुढे करत नागोजी म्हणाला, "अण्णा, काल सांजेला एकजण तुमचं घर विचारत होता. अंगावरनं नुसतं पाणी गळत होतं. मी म्हटलं, मला नाही ठाऊक, अल्सूरकडं विचार."

"नाव काय म्हणाला?"

"नाव नाही सांगितलं. तुमच्याच कारखान्यातला. बनियनला ग्रीस लागलं होतं."

विश्वासरावांनी कप तसाच खाली ठेवला.

बारा दिवसांपूर्वी कारखान्यामागच्या तळ्यात कल्लाप्पा मेला होता. भट्टी थंड ठेवायला तळ्यातून पाणी ओढणारा पंप होता. त्याच्या तोंडाशी शेवाळ अडकलं. पंप बंद केला तर भट्टीही थांबवावी लागणार, म्हणून विश्वासरावांनी त्याला चालू पंपाखालीच उतरवलं. कल्लाप्पा काठाशी घुटमळला होता. "भ्या वाटतंय, अण्णा." त्यांनी ऐकलं नाही. चौकशीत मात्र जबाब दिला, की गडी आपल्या मनाने पोहायला उतरला. मॅनेजर उपेंद्र यांना खरं ठाऊक होतं. त्यांनी मुकाट्याने सही केली.

कल्लाप्पाच्या बायकोला, यल्लव्वाला, कारखान्याची खोली सोडून गावी, अथणीकडे जायला सांगायचं कामही विश्वासरावांवरच आलं. ती रडली नाही. बोचकं बांधता बांधता म्हणाली, "जाते की. पण ह्यांनी बंगळूर कधी बघितलंच न्हाई, अण्णा. खोली, तळं नि कारखाना, एवढंच. तुमचं घर गावायला वेळ लागंल त्यांना. इचारत इचारत येतील."

आठवड्याने अल्सूर तळ्याकाठी कपडे आपटणाऱ्या धोब्याने विश्वासरावांना ओळखून हाक मारली. असा असा माणूस आला होता; त्याला शिवाजीनगरची वाट दाखवली. पुढच्या सोमवारी शिवाजीनगरच्या बाजारात भाजीवाली म्हणाली, "चिकपेटला धाडलं त्याला. सरी, बरोबर केलं ना, अण्णा?"

विश्वासरावांची झोप उडाली. सरळ पश्चिमेला, एकेक पेठ ओलांडत तो येत होता आणि त्यांचं घर बसवनगुडीत होतं.

शनिवारी भर दुपारी चिकपेटमधल्या ओळखीच्या कापडवाल्याने त्यांना दुकानात ओढलं. फरशीवर पाण्याचं थारोळं होतं. शेवाळाचा कुबट वास नव्या लुगड्यांच्या खळीच्या वासावर चढला होता.

"आत्ताच गेले तुमचे पाहुणे. मी पत्ता लिहूनच दिला."

विश्वासराव तिथून घरी गेले नाहीत. टॅक्सी करून थेट कारखान्यात गेले आणि खरा जबाब लिहून उपेंद्रांच्या टेबलावर ठेवला. उपेंद्रांनी तो वाचला, घडी घातली, फाडला.

"फाइल बंद झाली आहे, विश्वासराव. घरी जा. विश्रांती घ्या."

घरी पोचले तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. पत्नी प्रतिमा दारातच भेटली. तिच्या कपाळाला आठी होती.

"तुमच्या कारखान्यातले गृहस्थ आलेत. बसा म्हटलं, तर ओल्या अंगाने कुठे बसू, म्हणाले. न्हाणीघरात गेलेत... मघापासून बाहेरच आले नाहीत."

विश्वासरावांनी तिला शेजारी जायला सांगितलं. तिने चौकटीतून मागे वळून पाहिलं. ते चपला काढून, धोतराचा सोगा खोचून, पाण्यात उतरणाऱ्या माणसासारखे हळूहळू न्हाणीघराकडे निघाले होते.

शेजाऱ्यांनी दार फोडलं, तेव्हा आत ते एकटेच होते. कपडे कोरडे. डॉक्टरांनी छाती दाबली, तर तोंडातून हिरवं पाणी आलं, येतच राहिलं. त्या आळीत दोन दिवस नळाला थेंब नव्हता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उपेंद्रांची मोटार स्टेशनाजवळ फाटकाशी अडली. नागोजी दुकान सोडून खिडकीशी आला.

"साहेब, काल सांजेला दोघं गेले इथनं. तुमचं नाव घेत होते."

"माझा पत्ता विचारला?"

"नाही, साहेब." नागोजीने आवाज आणखी खाली आणला. "पुढं चालणारा विश्वासराव अण्णांसारखा दिसत होता... त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही."