पश्चात मुले, सुना, नातवंडे

“काका, मी मेलेय असं छापून आलंय.”

फोनवर वैदेहीचा आवाज इतका बारीक होता की नंदकुमार साळवींना आधी नीट ऐकूच आलं नाही. ती जुईनगरला त्यांच्याच सोसायटीत, वरच्या मजल्यावर एकटी राहायची. ते जिना चढून गेले. आतून तिने विचारलं, “कोण?” त्यांनी नाव सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, “कोण?” मग दार उघडलं.

पलंगावर अर्धी भरलेली बॅग होती.

तिने मोबाइल पुढे केला. ती ज्या ‘खाडीवार्ता’ पोर्टलवर बातमीदार होती, त्याच पोर्टलवर तिची निधनवार्ता होती. फोटो ऑफिसच्या ओळखपत्रावरचा.

‘जुईनगर येथील वैदेही कुडाळकर यांचे आकस्मिक निधन झाले. त्यांच्या पश्चात मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’

साळवींचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

“लग्न नाही झालं माझं. आणि म्हणे नातवंडं!” वैदेही हसायला गेली, पण जमलं नाही. “काका, हे उद्याच्यासाठी आहे.”

उद्या तिला बेलापूरच्या न्यायालयात जबाब द्यायचा होता. दिवाळे गावाजवळच्या खारफुटीत बांधकामाचं डेब्रिज ओतणाऱ्या डंपरचे फोटो तिने पावसाळ्यात काढले होते. पोर्टलने बातमी लावली नाही. शेवटी तिने स्वतःच पोलिसांत तक्रार दिली.

“मी मामाकडे कोल्हापूरला जाते. मला नाही द्यायचा जबाब.”

“संध्याकाळपर्यंत थांब. कोणी केलं ते कळू दे. नाहीतर कोल्हापुरातही दाराआडून विचारत बसशील, कोण म्हणून.”

साळवी फौजदार म्हणून निवृत्त झाले होते. चौकीत त्यांनी फोन केला तर उत्तर मिळालं, “साहेब, सायबर सेलला अर्ज द्यायला सांगा.” ते रिक्षाने पोर्टलच्या ऑफिसात गेले.

ऑफिसात तिघं होती. संपादक निशांत, वेबसाइट सांभाळणारा दिपेश आणि निधनवार्ता भरणारी सोनम. सोनमचे डोळे रडून सुजले होते.

“सिस्टीममध्ये नाव हिचं आहे,” निशांत म्हणाला. “विषय संपला.”

“सर, मला वैदेही मॅडमनीच इथे चिकटवलं. मी त्यांना मारून टाकू?”

“सोनम, तू इथे कधीपासून?” साळवींनी विचारलं.

“दिवाळीनंतर.”

“पान प्रसिद्ध झालं तेव्हा कुठे होतीस?”

“खाली, चहाला. कॉम्प्युटर चालूच ठेवला होता. सगळ्यांचेच असतात.”

“वर कोण होतं?”

“निशांत सर आणि दिपेशदादा.”

साळवी दिपेशकडे वळले. “हे पान पहिल्यांदा कोणी बनवलं ते दिसतं?”

“नाही काका. स्वस्तातली सिस्टीम आहे. शेवटचं बटण कोणी दाबलं आणि कधी, एवढंच ठेवते.”

“आणि परिवाराची ओळ? ती कोण लिहितं?”

“ती कोणी लिहीत नव्हतं. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या तयार साच्यातच भरून ठेवली होती, डिफॉल्ट म्हणून. नवीन पान उघडलं की आपोआप यायची. बहुतेकांना मुलं-नातवंडं असतातच, तेवढंच टायपिंग वाचायचं. नको असेल तिथे खोडायची.” दिपेशने मान खाली घातली. “काकूंच्या वेळी खोडायची राहिली.”

साळवींची बायको सुमती श्रावणात गेली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. साळवी तेव्हा स्वतः इथे येऊन उभे राहिले होते.

“मग काय केलंस?”

“त्याच दिवशी टेम्प्लेटमधला रकाना रिकामा केला. पण आधी बनलेल्या पानांवर ओळ तशीच राहते. काकूंचं पान मी हाताने दुरुस्त केलं.”

निशांतने साळवींना केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

“तुमच्या तक्रारीनंतर मीच ती ओळ काढायला लावली. टेम्प्लेटमधून गेली म्हणजे सगळ्या पानांवरून गेली. सोनमने मुद्दाम टाइप केली असणार, वैदेहीला टोचायला.”

तेवढ्यात साळवींचा फोन वाजला.

“काका, गेटसमोर बाइकवर दोघं थांबलेत,” वैदेही कुजबुजली. “आपल्याच बिल्डिंगकडे बघतायत.”

“कडी लाव. खिडकीपासून लांब बस. फोन ठेवू नकोस.”

बाहेर येऊन त्यांनी दिपेशच्या फोनवरून चौकीत जुन्या सहकाऱ्याला गाठलं, तिच्याकडे आणि इथे माणसं पाठवायला सांगितलं. कानाशी वैदेहीचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “पोलीस आले. बाइकवाले पळाले.”

साळवींनी तिघांना समोर बसवलं.

“ही ओळ सुमतीच्या पानावर होती तशीच आहे, अक्षरन् अक्षर. मी ती विसरणार नाही. पण सोनमच्या नवीन पानात ती कधी आलीच नाही. ती आली तेव्हा रकाना रिकामा होता. म्हणजे ओळ टाइप केलेली नाही. ती पानाबरोबर जन्मली. हे पान श्रावणात, नाहीतर त्याच्याही आधी बनलं आणि पडून राहिलं. सोनमच्या कॉम्प्युटरवर आज फक्त बटण दाबलं गेलं.”

“मग दिपेश,” निशांत म्हणाला. “टेम्प्लेट त्याच्याच हातात असतं.”

“म्हणूनच तो नाही. जुन्या पानावर ओळ राहते हे त्याला पक्कं माहीत आहे. त्याने ती खोडली असती. ज्याला वाटलं, टेम्प्लेटमधून गेली म्हणजे सगळीकडून गेली, त्याने पान पुन्हा वाचलंच नाही. असं वाटणारा माणूस या खोलीत एकच आहे. मघाशी केबिनमध्ये तो मला तेच सांगत होता.”

“हा तुमचा अंदाज आहे.”

“पावसाळ्यात वैदेहीने डंपरचे फोटो कोणाला दाखवले?”

निशांतने सोनमकडे पाहिलं, मग दिपेशकडे. कोणी नजर वळवली नाही.

“तेव्हाच बनवलं होतं, तिला घाबरवायला,” तो एकदम म्हणाला. “ती गप्प बसली, म्हणून वापरलं नाही. काल डंपरवाल्यांचा फोन आला. पोरीला गप्प कर, नाहीतर आम्ही करतो. मी तिला वाचवतच होतो, साळवी!”

“आणि सोनमला?”

पोलीस त्याला घेऊन गेले.

साळवी परतल्यावर वैदेहीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे ते खरंच आहेत. बाहेर आहेत.”

“आहेत,” साळवी म्हणाले. खोटं बोलावं असं त्यांना क्षणभर वाटलं होतं. “सोबत मी येईन. बंदोबस्तही देतायत. पण बोलायचं तुलाच आहे.”

तिने बॅगेकडे पाहिलं.

सकाळी ती खाली उतरली तेव्हा तिच्या हातात फक्त पर्स होती. बेलापूरपर्यंत तिने रिक्षाचा दांडा सोडला नाही. न्यायालयात साळवींना दाराबाहेरच थांबवलं. आत कोणीतरी विचारलं, “नाव?”

साळवी दाराशी वाकले. शिपाईसुद्धा दाराकडे बघू लागला.

मग आतून तिचा आवाज आला. थरथरत होता, पण पार बाहेरच्या बाकापर्यंत पोचला.

“वैदेही कुडाळकर. राहणार जुईनगर.”