माझ्या नावाचं अंडं

तो माझं अंडं खात होता!

ग्रीबाच्या, आमच्या बेटावरच्या जुन्या सिनेगॉगच्या अंगणात, निळ्या खांबाला टेकून, सोललेली टरफलं रुमालावर नीट गोळा करत, अगदी मन लावून. शेवटचा घास उरला होता. टरफलाच्या एका तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेलं माझं अर्धं नाव मला लख्ख दिसलं — तुफा...

"अहो!" मी ओरडले. "थांबा!"

तो थांबला. म्हणजे, गिळलं आणि मग थांबला.

"मीठ हवं होतं जरा," तो म्हणाला. "बाकी छान. तुम्हीही घ्या ना, आत ताटात पुष्कळ आहेत."

"ती वाटायची नाहीत! प्रत्येकावर नाव आहे... ते माझं होतं!"

"अगोबाई!" तो म्हणाला, आणि दोन्ही हात गालांवर ठेवले.

मी बघतच राहिले. चांगला सहा फुटी माणूस, गळ्यात कॅमेरा, पायात महागडे बूट... आणि 'अगोबाई'? नंतर कळलं की आमची बोली तो आजीकडून शिकला होता, मार्सेयच्या स्वयंपाकघरात. त्यामुळे बोलायचा तो थेट सत्तरीच्या बाईसारखा.

यात्रेच्या आदल्या दिवशी ग्रीबाच्या आतल्या छोट्या गुहेत आम्ही मुली आपापल्या नावाचं उकडलेलं अंडं ठेवतो. दिव्यांच्या उबेवर ते राहतं, आणि दुसऱ्या दिवशी ज्या मुलीने आपलं अंडं स्वतः खाल्लं, तिला वर्षाच्या आत नवरा मिळतो म्हणे. माझ्या अंड्यावर उम्मीने, माझ्या आईने, नाव लिहिलं होतं आणि खाली 'चांगला नवरा मिळू दे'. तिची पाठ वळल्यावर मी त्याखाली बारीक अक्षरात भर घातली होती — 'पण बेटाबाहेरचा नको.'

कारण पॅरिसहून एक स्थळ आलं होतं. माझी थोरली बहीण अशीच तिकडे गेली, आणि आता दर आठवड्याला फोनवर विचारते, "आज वारा कुठून वाहतोय गं?" मला असं विचारायची वेळ यायला नको होती. बाबांच्या दुकानात मी चांदीच्या तारेचं जाळीकाम करते. माझं टेबल, माझा चिमटा, खिडकीतून दिसणारा बाजार... हे सगळं सोडून मी कुठे जाऊ?

तेवढ्यात उम्मी आली. मागून आमच्या शेजारच्या सालहा खालाही. त्या मुसलमान, पण वर्ष चुकवत नाहीत, सुनेला मूल व्हावं म्हणून तिच्या नावाचं अंडं ठेवतातच.

"खाल्लं?" उम्मीने कपाळावर हात मारला. "पोरीचं नशीब खाल्लं मेल्याने!"

"मग रडतेस काय?" सालहा खाला त्याला नखशिखान्त न्याहाळत म्हणाल्या. "नशीब त्याच्या पोटात आहे ना? त्यालाच धरून ठेव."

माझे कान तापले. तो मात्र वाकून म्हणाला, "मी रूबेन बित्तान. माझी आजी इथल्या हाराची, यहुदी वस्तीतली. तिचं घर बघायला आलोय."

"बित्तान?" खाला एकदम पुढे झाल्या. "म्हणजे मेसउदाचा नातू? अरे, मी त्याच घरात राहते! तुझ्या आजीने जाताना माझ्या आईची मोठी परात मार्सेयला नेली. ती कुठेय?"

"अगोबाई," रूबेन पुटपुटला. "ती परात आमच्याकडे भिंतीवर टांगलीय..."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात सावली पडली. बघते तर रूबेन, हातात तीस अंड्यांचा ट्रे.

"भरपाई," तो म्हणाला. "कुठलंही निवडा. नाव मी लिहितो."

"यात्रा झाली. आता पुढच्या वर्षी."

"मग पुढच्या वर्षी येतो."

"इथून गेलेल्यांची नातवंडं सगळी असंच म्हणतात," मी तार वळवत म्हणाले. "येता, दारांचे फोटो काढता, 'अय्या, तुम्ही अजून इथं राहता?' म्हणून आमच्याकडे बघता, जसं काही आम्ही संग्रहालयातून पळून आलोय. मग डोळे पुसत विमानात बसता. मी वारसा नाहीये, सांगून ठेवते. मी तुफाहा आहे."

त्याने कॅमेरा गळ्यातून काढला आणि पिशवीत टाकला. मग हळूच म्हणाला, "तुफाहा, ही तार इतकी बारीक कशी काय ओढता?"

हा प्रश्न आजवर एकाही पाहुण्याने विचारला नव्हता!

तो मार्सेयला कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवतो, हे तेव्हा कळलं. बाबांनी चष्म्यावरून बघितलं. मेणाचा साचा, भट्टी, ओतकाम... दोघं असे काही गप्पांत रंगले की मी तिथे आहे याचाही बाबांना विसर पडला. रूबेनला पडला नव्हता. बोलता बोलता तो मध्येच माझ्या हातांकडे बघायचा आणि मी बघितलं की घाईघाईने भट्टीकडे.

"डोळे भाजतील," मी म्हणाले.

"भट्टीमुळे?"

"मग काय माझ्यामुळे?"

"अगदी... तसंच काहीसं."

गुरुवारी उम्मीने त्याला जेवायला बोलावलं आणि पानात ब्रिक वाढलं. पातळ पापुद्र्यात अख्खं अंडं फोडून तळलेलं, कडेने कुरकुरीत, आत बलक पातळच. सालहा खाला खुर्ची ओढून समोरच बसल्या. बाबांनी घास थांबवला. मला कुठे लपू असं झालं, कारण जावई होऊ घातलेल्याला आमच्याकडे ब्रिक का वाढतात ते रूबेन सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. बलक न सांडता खाल्लं तर मुलगी त्याची.

त्याने मोठ्ठा घास घेतला. बलक हनुवटीवरून शर्टावर, शर्टावरून कोपरापर्यंत...

"नापास!" खाला टाळी वाजवत हसल्या. उम्मीने सुस्कारा सोडला.

"काय झालं? कशात नापास?" तो अंगणात नळाखाली हात धुताना मला विचारत राहिला. मी सांगितलं. सांगताना माझं लक्ष नळाकडेच होतं.

"फेरपरीक्षा असते का?" त्याने विचारलं.

"कशाला देतोस? तू उद्या चाललायस."

'तुम्ही'वरून मी 'तू'वर कधी आले, माझं मलाच कळलं नव्हतं. त्याला कळलं. हात पुसायचा थांबला.

"माझ्याबरोबर येशील? मार्सेयला?"

अंगणात लिंबाच्या फुलांचा वास येत होता. मला 'हो' म्हणावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? फार वाटलं.

"नाही," मी म्हणाले. "हे बेट मला सोडवत नाही, रूबेन. आता तुलाही सोडवत नाही. पण बेट जन्मापासूनचं आहे. तू चार दिवसांचा."

तो मान हलवून गेला. 'थांब' असं मी म्हणणार नव्हते. थांबायचं तर माणसाने आपणहून थांबावं.

शुक्रवारी दिवस कलताना तो घरी निरोप घ्यायला आला. खांद्यावर बॅग, शर्ट स्वच्छ, चेहरा उतरलेला. बाहेर सालहा खालांचा मुलगा मोन्सेफ टॅक्सी घेऊन उभा होता. आमच्या गल्लीच्या छपरावरून पहिलं शिंग वाजलं, तशी दुकानांची दारं पटापट लागली. शेवटचं शिंग वाजलं की शब्बात, म्हणजे शनिवारचा विसावा, सुरू, मग हारात कुणी गाडीत पाऊल ठेवत नाही.

"निघ," मी म्हणाले. "उशीर होईल."

"निघतो."

बॅग दारात ठेवून तो अंगणातल्या ओट्यावर बसला.

"रूबेनसाहेब!" मोन्सेफने हॉर्न दिला. "थोड्याच वेळात शेवटचं शिंग वाजेल. नंतर मला हाका मारू नका!"

"हो, हो," रूबेन म्हणाला. पण हलला नाही. मी उगाचच अंगण झाडत होते, स्वच्छ अंगण. उठेल, आत्ता उठेल... म्हणत मी त्याच्या बुटांकडेच बघत होते.

आणि शिंग वाजलं. लांबलचक, छपराछपरावरून, समुद्राकडे जाणारं.

मोन्सेफने डोकं बाहेर काढलं, आमच्या दोघांकडे बघितलं, हसला आणि रिकामी टॅक्सी घेऊन निघून गेला.

"आता मला गाडीत बसता येणार नाही," रूबेन म्हणाला.

"मार्सेयला शनिवारी मोटार चालवतोस की."

"ते मार्सेयला."

"आणि इथं?"

"इथं हारातले लोक करतात तसं करायचं." तो उठून माझ्यासमोर आला. "तुफाहा, विमान चुकलं नाही माझं. सोडलं मी ते. तू मला आवडतेस. इतकी, की काल तू 'नाही' म्हणालीस तेव्हा आधी वाईट वाटलं, आणि मग वाटलं, अरे, हिने नाही म्हटलंय ते मार्सेयला. मला कुठे म्हटलंय?"

"आणि तुझं काम?"

"दात काय, लोकांचे इथंही पडतात."

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. झाडू खाली टाकला.

"तूही मला आवडतोस," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. रागच इतका आला होता की कळलं नाही."

त्याने हात पुढे केला. बोटांवर भट्टीचा एक छोटा डाग होता. मी तो हात धरला. पहिल्यांदाच.

आत दिवे लागले होते. पडदा बाजूला करून उम्मी दारात आली. एकदा दारातल्या बॅगेकडे बघितलं, एकदा आमच्या हातांकडे. मी हात सोडला नाही.

"काय गं," तिने विचारलं, आवाज मुद्दाम कोरडा ठेवून, "हा जेवायला आहे की नाही?"

"आहे, उम्मी," मी म्हणाले. "राहायलाच आहे."