आधी कोळंबी मेली

त्या माणसाने जेवणाचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. मावशीचा भाचा पुढे वाकला आणि लगेच मागे सरकला. ओल्या कापसावर एक मेलेली कोळंबी होती. लाल अंग, पाठीवर पांढरा पट्टा, मिशा लांबच लांब.

"हा घातपात आहे," तो माणूस म्हणाला. "हसू नका."

मावशी हसली नव्हती. वीस वर्षं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढून तिने खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं. भाच्याची वकिली काही चालत नव्हती, म्हणून तो तिची टिपणं लिहायला बसायचा. बाहेरची माणसंसुद्धा तिला मावशीच म्हणत.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. सहा महिन्यांपूर्वी त्याने दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती. आत खडक, खडकावर जिवंत प्रवाळ. हौस नवी, अनुभव शून्य. पहिल्याच आठवड्यात घाई करून त्याने मासे सोडले आणि चारही मेले. मग तो शिकला. मीठ तोलून मिसळायला शिकला, पाणी माशांना सोसेल असं होईपर्यंत दीड महिना रिकामी टाकी बघत बसायला शिकला. शेवाळाने काच हिरवी झाली तेव्हा टाकी फेकून द्यावीशी वाटली, पण चिकटून राहिला. शेवटी प्रवाळ फुलले. दोन नारिंगी मासे आले, एक कोळंबी आली, काच साफ करणाऱ्या आठ गोगलगायी आल्या.

"आई गेल्यापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं," तो म्हणाला. "टाकी आल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याशेजारी येऊन बसायला लागले. दोन शब्द व्हायला लागले. सोमवारी मी कामासाठी बाहेरगावी गेलो. शुक्रवारी परतलो तर कोळंबी मेलेली, गोगलगायी मेलेल्या, प्रवाळ आक्रसून तपकिरी पडलेले."

"आणि मासे?"

"मासे ठणठणीत. उलट जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके होते, खडकाला अंग घासत होते. मी जेवताना सगळ्यांसमोर म्हणालोसुद्धा, की चार दिवस टिकले तर नशीब. आल्यावर वेगळ्या भांड्यात काढून औषध देणार होतो. आता एक ठिपका नाही."

"संशय कुणावर?"

"मेहुण्यावर. बुधवारी तो बाल्कनीचे गज रंगवायला आला होता. टाकी त्याच्या डोळ्यांत खुपते. मी फोनवर नाही नाही ते बोललो त्याला. तेव्हापासून बायको माझ्याशी बोलत नाहीये."

शनिवारी दुपारी मावशी आणि भाचा त्याच्या घरी गेली.

दिवाणखान्यात टाकी मंद गुरगुरत होती. तारांवर वाळलेल्या मिठाची पांढरी पुटं होती. मावशीने पाण्याचा खारेपणा मोजला. बरोबर होता. एका बाटलीत थोडं पाणी घेतलं. मग टाकीखालचं कपाट उघडलं. कोळशाच्या दाण्यांची जाळीदार पिशवी स्वच्छ धुऊन, पिळून, कडेला वाळत ठेवलेली होती.

"ही कुठे असते?"

"गाळणीत," मेकॅनिक चमकून म्हणाला. "पाण्यातलं नको ते शोषून घेते. मी नाही काढली."

त्याची बायको शिवणवर्गात शिकवायची. तिने दारातूनच उत्तरं दिली.

"टाकीतलं पाणी उडून कमी होतं, म्हणून मी रोज सकाळी खुणेपर्यंत साधं पाणी घालायचे. बाकी कशाला हात लावला नाही. कोळंबी मंगळवारीच दिसेनाशी झाली. वाटलं, खडकात लपली असेल. दिवसभर मी कामावर असते. घरी आबा एकटेच. ठमीला, आमच्या मुलीला, शाळेत सोडणं-आणणंही तेच करतात, गाडीने. त्यांच्यावर सगळं चाललंय." नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "माझ्या भावावर आळ घ्यायला मात्र ह्यांना एक मिनिट लागलं नाही."

मेहुणा खाली बाकावर बसला होता. वर यायला तयार नव्हता.

"टाकी नको होती मला, कबूल," तो म्हणाला. "बहिणीच्या घरात धड बसायला जागा उरली नाही. पण बाल्कनीचं दार मी लावून घेतलं होतं. आणि मारायचंच असतं तर मासे कशाला सोडले असते? डबाभर टर्पेंटाइन ओतलं असतं की!"

"हाच माणूस," जिना चढताना भाचा कुजबुजला. "टर्पेंटाइनचं नाव स्वतःहून काढलं त्याने."

मावशीने आबांच्या खोलीचं दार ठोठावलं.

आबा आपल्या खोलीत चहा करत होते. डॉक्टरांच्या दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर होते ते. कपाच्या कडेवरून बोट आत सोडून त्यांनी चहा ओतला. बोटाला चटका बसल्यावर हात थांबवला. कप मावशीपुढे धरला. फडताळात आणखी एक पांढरा कप होता. त्याच्या तळाला निळसर कडं होतं.

"शाई सांडली वाटतं?"

"जुना कप आहे."

"टाकी आवडते तुम्हाला?"

"आवडते तर!" आबा दिवाणखान्यात येऊन टाकीसमोर बसले, मान जराशी तिरपी करून. "तो नारिंगी बघा, कसा हिंडतोय."

भाच्याने पाहिलं. दोन्ही मासे खडकामागे दडले होते. समोर फक्त पंप ढवळत असलेलं पाणी होतं. म्हाताऱ्याचं मन कुठे आहे कुणास ठाऊक, असं त्याला वाटलं.

"आणि कोळंबी? गोगलगायी?"

"त्या होत्या म्हणे," आबा म्हणाले. "मी आपला माशांतच रमायचो."

निघताना मावशी मेकॅनिकला म्हणाली, "उद्या सगळ्यांना एकत्र बसवा. मेहुण्यालाही. ठमीला शेजारी पाठवा. सोमवारी शाळा भरायच्या आत हे मिटलं पाहिजे."

"शाळेचा काय संबंध?" भाच्याने विचारलं. मावशी तोवर जिना उतरायला लागली होती.

रविवारी सकाळी मावशीने माशांच्या दुकानात फोन लावला. भाच्याला एकच बाजू ऐकू आली. "सोमवारी... बाटलीवरचं प्रमाण तुम्हीच वाचून दाखवलंत? आणि तुम्ही विचारलंत, फक्त मासेच आहेत का? बरं."

दुपारी सगळे टाकीसमोर बसले. मेहुणा दाराजवळ उभाच राहिला.

"पाण्यात तांबं सापडलं," मावशी म्हणाली. "भरपूर. मोरचुदासारखं काहीतरी. तांब्याने कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतात. तेवढ्या तांब्याने मासे मरत नाहीत. उलट माशांच्या अंगावरचे पांढरे ठिपके जातात. ते ठिपक्यांवरचं औषधच आहे."

मेकॅनिक उठायला लागला. तिने हाताने बसवलं.

"मेहुणा आला बुधवारी. कोळंबी मंगळवारीच गेली होती. म्हणजे तो सुटला. आता कोळशाची पिशवी बघा. कोळसा औषध शोषून घेतो, म्हणून औषध घालण्यापूर्वी तो काढायचा असतो. ज्याला टाकी मारायची आहे तो पिशवी काढून, धुऊन, नीट वाळत घालेल का? हे सूचना पाळणाऱ्या माणसाचं काम आहे. ज्याला मासे जगवायचे होते, अशा माणसाचं. ज्याच्या हातून आयुष्यभर औषधं गेली, त्याचं."

कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

"ते औषध निळं असतं. कपात निळं कडं आहे. पण एक अडचण होती. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, प्रवाळ किंवा कोळंबी असेल तर वापरू नये. चाळीस वर्षांचा कंपाउंडर हे वाचणार नाही?" तिचा आवाज खाली आला. "थेंब किती, तेवढंच दुकानदाराने वाचून दाखवलं, गिऱ्हाईक 'चष्मा विसरला' म्हणालं म्हणून. आणि 'मासेच आहेत ना?' विचारल्यावर उत्तर आलं, 'मासेच.' खोटं नव्हतं ते. त्या टाकीत त्यांना हलणारा नारिंगी रंग तेवढा जाणवायचा. काल तोही समोर नव्हता, तरी त्यांनी तो मला दाखवला. कप भरला की नाही हे त्यांना बोट सांगतं. आबा, कधीपासून?"



"वर्ष झालं," आबा म्हणाले. "मधोमध डाग आहे. कडेकडेचं दिसतं. समोरच्याचा चेहरा दिसत नाही. थेंब मात्र बरोबर टाकले मी. कपात पडताना आवाज मोजला. दोन दिवस, सांगितले तेवढेच."

"आणि गाडी?" सुनेचा आवाज चिरकला. "आबा, ठमी असते मागे!"

"रस्ता पाठ आहे मला."

"पाठ?"

आबा म्हणाले, "गेल्या आठवड्यात एक सायकलवाला आला आडवा. ओरडला म्हणून कळलं. ठमीला म्हटलं, त्याचीच चूक होती."

सून उठून आत गेली. तिचं रडणं भिंतीतून ऐकू आलं. मेहुणा तिच्या मागोमाग गेला. तो जाताना मेकॅनिकने त्याचा हात धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मेहुण्याने हात झटकला नाही, पण थांबलाही नाही.

"मला सांगायचं होतंत," मेकॅनिक वडिलांना म्हणाला. "सहा महिने शेजारी बसतोय मी. मलासुद्धा..."

"सांगितलं असतं तर गाडी गेली असती. ठमीला शाळेत नेणं-आणणं गेलं असतं. मग खोलीत बसून करायचं काय?" आबांनी मान तिरपी करून मुलाला शोधलं. "आणि तू चार दिवसांत मासे मरतील म्हणालास. मासे मेले असते तर तू इथे बसला नसतास. आपण बोललो असतो कशावर?"

मेकॅनिकने तोंडावर हात दाबून धरला.

भाच्याने वही मिटली. टिपून घेण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्याला लिहवेना. मावशी सावकाश उठली. डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर लिहिलेला कागद तिने टेबलावर ठेवला आणि त्याला खूण केली. दोघं दारात चपला घालत होती, तेव्हा मागून आबांचा आवाज आला.

"काय काय मारलं मी ते सांग. मला माहीतच नाही काय होतं आत."

खुर्ची सरकली.

"डावीकडे, खालच्या खडकावर," मेकॅनिक म्हणाला, "जांभळं एक प्रवाळ होतं. तळहाताएवढं. सकाळी दिवा लागला की हळूहळू उघडायचं..."

जिना उतरून होईपर्यंत त्यांना ते ऐकू येत होतं.