दादाची राहिलेली खेळी

कप डाव्या हाताने धरलाय म्हणून असे टकमक बघू नका. सांगतो सगळं. आधी नीट बसा.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. चार महिन्यांपूर्वी वहिनीच्या इमारतीतली लिफ्ट अडकली, ती सुरू करून वर पाणी प्यायला गेलो. तिने माळ्यावरून दादाचा गो खेळायचा पट काढून माझ्या पुढ्यात ठेवला. जाड लाकडी पट आणि दोन डबे, एकात काळ्या सोंगट्या, एकात पांढऱ्या.

"घेऊन जा, भावजी. मला नको घरात."

"अहो, पण..."

"पांढरी एक कमी आहे. त्यांच्या मुठीत होती. मूठ शेवटपर्यंत उघडली नाही... तशीच गेली. तिच्या जागी शर्टाचं बटण टाकलंय." एवढं बोलली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

बघेल कशी? अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार तिच्याच घरातली. गो म्हणजे एकशे एक्क्याऐंशी काळ्या आणि एकशे ऐंशी पांढऱ्या सोंगट्या रेषांवर ठेवून जागा वेढायची. चारी बाजूंनी कोंडला गेलात की मेलात. शिकवलं दादानेच, आणि जन्मभर हरवलंही त्यानेच. त्या दुपारी मी पहिल्यांदा पुढे होतो. दादाने पांढरी सोंगटी उचलली, माझ्या कोपऱ्याकडे बघितलं आणि खोकल्याची गोळी चघळत हसला. ते हसू! माझं डोकं फिरलं. पट उधळून दिला, दार आपटून निघालो. दादा खाली वाकून सोंगट्या गोळा करत होता तो उठलाच नाही. मुठीत तीच सोंगटी, न खेळलेली.

त्याचं हृदय आधीच कमजोर होतं, असं सगळे म्हणाले. म्हणोत. मला दादाचाच राग येत राहिला. कुठे ठेवणार होतास ती, एवढं सांगून तरी जायचं ना!

त्या रागातच पुन्हा खेळायला लागलो. कामावरून तीनला यायचं आणि कोड्यांचं पुस्तक घेऊन बसायचं, तीच तीस कोडी, हात आपोआप वळेपर्यंत. शनिवारी वाचनालयात एक निवृत्त मास्तर खेळायचे. सुरुवातीला मला पोरासारख्या नऊ सोंगट्या आधीच ठेवू द्यायचे आणि तरी धूळ चारायचे. चौथ्या महिन्यात नवाच्या तीन झाल्या. मी खूश. तर गेल्या शनिवारी म्हणतात कसे, "हात सुधारलाय तुमचा. पण रागावून खेळता. मेलेली सोंगटी सोडवत नाही तुम्हाला."

अगदी हेच दादा म्हणायचा. तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच घरी आलो.

खेळणाऱ्याला जुना डाव खेळीखेळीने आठवतो, आणि हा तर मी कसा विसरीन? पहिल्यापासून मांडला. एकशे त्रेचाळीस खेळ्या, शेवटची माझी, पाळी दादाची. आणि अकरा वर्षांत न दिसलेलं आता सुधारलेल्या डोळ्यांना दिसलं. माझ्या कोपऱ्यात एक भोक होतं. तिथे एक पांढरी, की अख्खा कोपरा खलास.

म्हणून हसलास होय? नालायका! मी मोठ्याने ओरडलो आणि तोंड धुवायला मोरीत गेलो.

परत आलो तर पटावर एक पांढरी जास्त होती. भोकात नाही. पार पलीकडे, रिकाम्या कडेला, जिथे तिचा कुणालाच उपयोग नाही. बायको कामावर होती आणि दाराला आतून कडी. डबा उपडा करून मोजल्या. पटावरच्या धरून पांढऱ्या पूर्ण एकशे ऐंशी, आणि बटण वेगळं. ती सोंगटी उचलली. कोमट होती... ओलसर. बराच वेळ मुठीत धरल्यासारखी.

"मला दान नकोय तुझं! मारायचं तर मार!" मी ती भोकात आपटली. मोरीतला नळ ठिबकत होता, तो बंद करून वळलो. सोंगटी पुन्हा कडेला. मी परत भोकात ठेवली. या वेळी हललोसुद्धा नाही, फक्त पापणी लवली... कडेला.

खोकल्याच्या गोळीचा वास आला. समोरच्या रिकाम्या खुर्चीतून आवाज... गोळी दातांवर आपटल्याचा. कट्... कट्...

"जिंकू द्यायचं होतं तर हसलास कशाला रे, दादा?" रडत होतो मी, लाज कसली सांगायला. "आधी बोलायचं ना! मी पट उधळला नसता... तू वाकला नसतास..."

कट्.

पाळी माझी होती. काळी उचलली. भोक बुजवलं की डाव माझा. पण हात पुढे जाईना. उजवी मूठ आवळली गेली, ती उघडेचना.

आज तिसरा दिवस. बायकोने गरम पाण्यात हात धरून बघितला, डॉक्टरांनी सुई टोचली. म्हणाले, नस आखडलीय, होईल सैल. डोंबलाची सैल होतेय!

आज तीनला पटापाशी गेलो आणि डाव्या हाताने काळ्या मोजल्या. एक कमी भरायला हवी होती, मुठीतली, नाही का? नाही भरली. पटावरच्या आणि डब्यातल्या मिळून एकशे एक्क्याऐंशी, पूर्ण. मग पांढऱ्या मोजल्या. एक कमी.

आणि कडेला, दादाने जिथे ठेवली होती तिथे, शर्टाचं बटण आहे.