साडीवरचं केशरी पाखरू

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो माझ्या आईच्या साडीला नाक लावून उभा होता!

उन्हानं डाळिंबं करपू नयेत म्हणून आमच्या कळंबात झाडांवर जुन्या साड्या पांघरतात. आईची जांभळी साडी बांधाकडच्या झाडावर होती.

"ओ, साडी चोरायला आलाय व्हय?"

"हळू बोला..." तो मागं न वळताच म्हणाला, "पाखरू उडंल."

हा पळसदेवचा गोकुळ. बारामतीच्या कॉलेजात शिकायचा आणि बांधापलीकडच्या वनखात्याच्या रानात पतंग, म्हणजे रात्रीची पाखरं, शोधत हिंडायचा. मी वाकून पाहिलं. नखाएवढा पतंग, बाभळीच्या सालीसारखा राखाडी.

"एवढ्यासाठी? साधंच हाय की!"

"थांबा जरा..." त्यानं हलकेच फुंकर मारली. वरचे पंख सरकले — आणि खालचे दिसले, केशरी, काळ्या काठाचे! मी "अगंबाई" म्हणाले, तशी त्यानं माझ्याकडे मान वळवली. मेल्यानं मग नजरच हटवली नाही.

साडीच्या चुण्यांत त्याच पतंगाचे कोश निघाले, म्हणून तो रोज येऊ लागला. आज त्या जागी माझ्या वडिलांचा, आबांचा ऊस उभा आहे, पण त्या सकाळी आठवल्या की अजून हुरहूर लागते.

तोडणी झाली, साड्या उतरल्या. माझ्या हट्टापायी आबांनी ती एक राहू दिली. मोकळ्या बागेत साडी नेसलेलं एकच झाड! शेजारच्या प्रयागबाईंना वाटलं, देवी बसवली. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, मग बाकीच्या बायका ओटी भरायला येऊ लागल्या. आम्ही दोघं हसून हसून बेजार.

पण गोकुळला डेहराडूनला नोकरी लागली. निघायच्या दिवशीही गडी त्या झाडापाशी उभा राहून पतंगांबद्दलच बोलत होता. हा काही न बोलताच जाणार... मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात प्रयागबाई आल्या. "परमुलखात चाललास न्हवं? देवीला हात जोड. काय मागायचं ते मोठ्यानं माग."

मला वाटलं, हसेल. पण तो खरंच हात जोडून उभा राहिला. डोळे मिटले.

"मला..." कान लाल झाले होते त्याचे, "मला वृषाली पायजे!"

पलीकडे ठिबकच्या नळ्या गुंडाळणारे आबा ताडकन उठले. "देवीला काय इचारतो रं? पोरीचा बाप हितं उभा हाय."

"आन् मी न्हाय व्हय हितं?" मी म्हणाले... आणि डोळे भरूनच आले.

गोकुळ माझ्याकडे वळला. "मग... तूच सांग."

मी मान डोलावली. प्रयागबाईंनी ते पाहिलं, झाडावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा ओरडल्या,

"पावली गं बया, पावली!"