शाळेच्या खिडकीतून आलेला हात

ही गोष्ट खोटी सांगून मला काही मिळायचं नाही. खरी सांगण्यात उलट माझीच अब्रू जाते. तेव्हा खरीच धरा.

साल १९६७, चैत्र महिना. बालाघाट जिल्ह्यात, बिरसाच्या जंगलाकडचं एक गाव. वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

मी देवीची लस टोचणारा. गावोगावी सांगायचो, "हा आजार आहे. माताबिता काही नाही." लोक पोरं पुढे करायचे. माझी छाती फुगायची.

अनुसयाबाईच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा होता. म्हणजे घरात माता आलेली. बाहेरच्यानं उंबरा ओलांडायचा नाही, घरच्यांना शिवायचं नाही. तिच्या मुलाच्या अंगावर आदल्याच दिवशी फोड उठले होते.

तरी तीच म्हणाली, "भाऊ, लहानीले टोचून द्या. माता रागावली तं माह्यावर रागावन."

सहा वर्षांच्या अंजनानं बाही वर करून हात दाराबाहेर काढलासुद्धा.

आणि मी... मागे सरलो.

किरनापुरात माझी बायको पुष्पलता सातव्या महिन्यात होती. "मातेच्या घरच्याले शिवू नका," एवढंच तिनं मागितलं होतं.

"पुढच्या फेरीत पाहू," म्हणालो आणि सायकल काढली.

महिन्यानं परत गेलो.

तिथं बाया शाळेच्या खोलीत बसायच्या. लाजेपायी फक्त हात खिडकीतून बाहेर. मी ओसरीवर. तोंड दिसायचं नाही. बांगड्या वाजायच्या, हात यायचा, मी टोचायचो.

मग बांगड्या थांबल्या.

एक हात आला... लहान. बिनबांगड्यांचा.

धरला. माठासारखा गार.

सुई टेकवली... रक्ताचा ठिपका नाही.

"नाव सांग, बाई."

मागून शाळा झाडणारी मैनाबाई म्हणाली, "कोनाले इचारून राह्यले, साहेब? बाया कवाच्याच गेल्या. खोलीले कुलूप लावलं मी."

पाहिलं... खिडकी रिकामी. माझी मूठ मात्र काहीतरी धरल्यासारखी अर्धवट मिटलेली.

"अनुसयाबाईची पोरगी कशी आहे?"

"तिलेबी माता आली ना. सोमवारी गेली. पोरगा वाचला."

संध्याकाळी अनुसयाबाईच भेटली. रडली नाही.

"तुमचं बरोबर होतं, भाऊ. नेम तोडाले मीच निंगालती. म्हनून मातेनं तिले नेलं."

त्या दुपारी टोचली असती तर बहुधा वाचली असती. हे त्या गावात एकट्या मला माहीत होतं.

मी म्हणालो, "हौ."

माझा मुलगा धडधाकट जन्मला. पुष्पलता त्याला मातेची कृपा म्हणते. खिडकीला पाठ करून बसवत नाही, तेवढंच काय ते माझं गेलं. अंजना जिवानिशी गेली. आणि दोष अनुसयाबाईनं घेतला, मरेपर्यंत.